नाव छापताना

6 जानेवारी हा आपल्याकडे पत्रकार दिन. 1832 मध्ये याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. नांदेडच्या आमच्या उर्दू शाळेत गेल्या पत्रकार दिनी लातूरचे एक संपादक बोलायला आले होते. मुलांना समजेल असे सोपे मराठी बोलले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा ते नवखे वार्ताहर होते. मृतांच्या यादीत नाव चुकू नये म्हणून ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या लोकांना ते पुन्हा पुन्हा विचारत होते. “नाव ही माणसाची अब्रू असते,” असे ते म्हणाले. एरवी चुळबूळ करणारी पोरे गप्प ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गाला मराठीत अभिप्राय लिहायला सांगितला. बहुतेकांनी ‘भाषण फार छान झाले’ एवढ्यावर भागवले. एका मुलीने मात्र पानभर लिहिले होते. मालेगावला 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी स्फोट झाले. नऊ मुस्लिम पकडले गेले. पुढे एनआयएच्या तपासात वेगळीच नावे आली आणि एप्रिल 2016 मध्ये कोर्टाने या लोकांना आरोपमुक्त केले. नवापैकी एक तो दिवस पाहायला हयात नव्हता. तिचा प्रश्न असा होता : पकडले तेव्हा नाव, गाव, फोटो सगळे पहिल्या पानावर, सुटले तेव्हा त्यांची नावे कोणी दारोदार जाऊन विचारली का?

खरे सांगतो, मला आनंद झाला. लाल शाईने ‘शाबास’ लिहिले. माझ्याच मनातले तिने लिहिले होते.

वही घ्यायला आली तेव्हा ती म्हणाली, “सर, मग आपल्या नांदेडच्या केसमधले लोक?”

एप्रिल 2006 मध्ये पाटबंधारे नगरातल्या एका घरात स्फोट होऊन दोन तरुण मेले. हिंदुत्ववादी संघटनांच्या कार्यकर्त्यांवर खटला चालला. हे मी याच वर्गात सांगितले होते, तेही रंगवून. जानेवारी 2025 मध्ये नांदेडच्या न्यायालयाने त्या खटल्यातल्या हयात आरोपींना निर्दोष सोडले, हे मात्र सांगितले नव्हते. तिला ते भावाकडून कळले होते.

“तुम्ही का नाही सांगितले?”

मी म्हणालो, “बेटा, पुरावा नाही म्हणून सुटणे वेगळे आणि...” पुढचे वाक्य तोंडातच राहिले. मालेगावच्या सुटकेनंतर हेच वाक्य एका ओळखीच्या गृहस्थांनी मला ऐकवले होते आणि त्या रात्री मला झोप आली नव्हती.

दोन्ही प्रकरणे सारखी आहेत असे मी म्हणत नाही. निकालावर टीका करण्याचा, तपास कुठे कच्चा राहिला हे विचारण्याचा हक्क सगळ्यांना आहे. पण तो निकाल सांगितल्यानंतरचा. निकालच गाळायचा आणि वर संपादकांना जाब विचारायचा, हे कसे चालेल? सूरह हुजुरातमध्ये खबरीची शहानिशा करायला सांगितले आहे. ती आयत मी दुसऱ्यांच्या खबरींसाठीच वापरत आलो.

अशा वेळी शोएबुल्ला खान आठवतात. नांदेड, लातूर तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा हा तरुण संपादक संस्थानाने भारतात सामील व्हावे असे लिहीत होता. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्याला ठार मारले, त्याचा हात तोडला. आपल्याच लोकांना न रुचणारे त्याने उर्दूत, आपल्याच वाचकांसमोर छापले. 17 सप्टेंबरच्या झेंडावंदनाला आमच्याकडे त्याचे नाव क्वचितच निघते. हे असे का, यावर मी अजून कुणाशी बोललेलो नाही.

वर्गात मी निकाल सांगितला. दोन-तीन मुलांना ते आवडले नाही. एका पालकाने जुम्याच्या नमाजनंतर गाठून विचारले, “सर, मुलांना हे सांगायची काय गरज होती?” मी काहीतरी गुळमुळीत बोललो.

त्या मुलीने संपादकांना पत्र लिहिले आहे. त्यात मालेगावही आहे, नांदेडही. खाली वर्गशिक्षकांची सही हवी म्हणाली. ती करायला मला तीन दिवस लागले.