मामा बनवणे

भाऊबीजेची जेवणे आटोपली आणि मुलांनी पत्ते काढले. थोड्याच वेळात आमचा नातू टाळ्या पिटीत ओरडला, "कसा मामा बनवला!" त्याचा सख्खा मामा समोरच लोडाला टेकून बसला होता. कपाळावरचे कुंकू अजून वाळलेही नव्हते. सगळे हसले, मामाही हसला. मी मात्र सुपारी कातरता कातरता थबकलो. ज्याला आताच पाटावर बसवून ओवाळले, त्याच्याच नात्याला आपण 'फसलेला माणूस' असा अर्थ का बरे द्यावा?

तसा हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. शाळेतला शिपाई मामा, चौकातला हवालदार मामा, आकाशातला चांदोबाही मामाच. जावळ काढताना मूल बसते ते मामाच्या मांडीवर. मंगलाष्टके चालू असता नवरीच्या पाठीशी उभा असतो तोही मामा. नाटककार वरेरकरांना (1883-1964) तर सारा महाराष्ट्र मामा म्हणूनच ओळखी. आणि हाच शब्द कट्ट्यावर जाऊन बसला की त्याचा बावळट होतो, बकरा होतो. मुंबईच्या हिंदीत त्यालाच 'मामू' म्हणतात.

बरे, फसलेल्याला 'काका' का म्हणत नाहीत? मला वाटते, काका पडला वाटेकरी. त्याच्याशी बोलताना माणूस मनातल्या मनात सातबारा उलगडून बसतो. 1773 साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हापासून तर या नात्याला संशय कायमचा चिकटला. मामाचा भाच्याच्या घरात वाटा नसतो. तो येतो, देतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. आणि जो हिशेब न ठेवता देतो तो मूर्ख, असे कट्ट्यावरचे शास्त्र असावे. (ही व्युत्पत्ती माझ्या पदरची आहे, पंडितांनी ती हसून सोडून द्यावी.)

कोणी म्हणेल, कंस काय आणि शकुनी काय, हे मामा तर फसवणाऱ्यांच्या पंगतीतले. खरे आहे. पण महाभारतात तिसराही एक मामा आहे, नकुल-सहदेवांचा मामा शल्य. तो निघाला होता पांडवांच्या मदतीला. वाटेत जागोजागी त्याच्यासाठी उत्तम विश्रामस्थाने उभारलेली, खाण्यापिण्याची रेलचेल. ही सोय युधिष्ठिराचीच, अशी त्याची समजूत. संतोषून त्याने व्यवस्था करणाऱ्याला बक्षीस देऊ केले, आणि पुढे आला तो दुर्योधन! त्याने मागितले काय, तर खुद्द शल्यालाच. शल्याने शब्द पाळला आणि भाच्यांच्या विरुद्ध तो लढला. 'मामा बनवणे' याहून अक्षरशः कोठे घडले असेल?

परंतु ही कथा वाचताना आपण शल्याला हसत नाही. कपट जमा होते ते दुर्योधनाच्या खात्यावर. आपली बोली मात्र ते शल्याच्या खात्यावर मांडते. 'अमक्याचा मामा झाला' या वाक्यात बनवणाऱ्याचे नावच नाही. तो गर्दीत केव्हाच पसार झाला आहे, आणि नवे नाव चिकटले आहे ते ज्याचे नुकसान झाले त्याला.

ही नुसती शब्दांची गंमत असती तर मी दिवाळीच्या फराळात हा खडा टाकला नसता. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांना गेल्या वर्षी फोन आला. बोलणाऱ्याने आपण बँकेतले असल्याचे सांगून ओटीपी विचारून घेतला आणि खात्यातली पुंजी पाहता पाहता नाहीशी झाली. अशा वेळी 1930 या क्रमांकावर ताबडतोब कळवले तर पैसे वाटेतच अडवता येण्याचा संभव असतो. गृहस्थांना तो क्रमांक ठाऊक होता. तरी अकरा दिवस त्यांनी कोणापाशी अवाक्षर काढले नाही. मागाहून मला म्हणाले, "सुनेसमोर मामा ठरलो असतो हो!"

तथापि फसणाऱ्याला सरसकट निर्दोष म्हणायलाही माझे मन धजत नाही. आमचा स्वतःचा मामा वाईहून भाऊबीजेला पुण्यास येई. 1964 साली स्वारगेटला एकाने त्याला गाठले. खिसा कापला गेला, बायको कोल्हापुरास आजारी, गाडीभाड्याला पैसे नाहीत. मामाने दहा रुपये काढून दिले. पुढच्या वर्षी तोच माणूस, तीच बायको, तोच आजार! मामाने हे स्वतःच पानावर बसल्या बसल्या सांगितले, आणि आम्ही पोरे "मामाचा मामा झाला" म्हणून लोळायचे तेवढे बाकी राहिलो.

"मग या खेपेला काय केलंस?" आईने विचारले.

"चहाला आठ आणे दिले," मामा म्हणाला. "पहिल्या वर्षी खरं असतं तर, अक्का?"

हे ऐकून मी आजवर मामाचीच बाजू घेत आलो. पण त्या वर्षी मामीही आली होती. ती वाढत होती. वाढता वाढता, हात न थांबवता, ती म्हणाली, "त्या दहा रुपयांत माझं दिवाळीचं पातळ आलं असतं." कोणी काही बोलले नाही. आईने आणखी एक लाडू मामाच्या पानात ठेवू पाहिला, तर त्याने हात आडवा धरला.