वेष्टणावरचे सत्य

खोटे न बोलताही माणसाला फसवता येते काय? प्रश्न जुना आहे. द्रोणाचार्यांपुढे धर्मराज उभा राहिला तेव्हापासूनचा. आज तो कुरुक्षेत्र सोडून आपल्या फडताळात येऊन बसला आहे.

नांदेड-लातूरकडे पूर्वी घाण्यावरचे करडईचे तेल घरोघरी येई. त्याची पारख वासाने होई. आज लातूरचा आडत बाजार सोयाबीनने भरतो आणि घरात पिशवीतले रिफाइंड तेल येते. पिशवीवर ठळक अक्षरे असतात : 'कोलेस्टेरॉलमुक्त'. विधान खरे आहे. पण कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते. वनस्पतीच्या तेलात ते जवळजवळ नसतेच. घाण्याच्या तेलातही नव्हते. 'आमच्या मिठाला मुंग्या लागत नाहीत' अशी दवंडी पिटण्यापैकीच हे!

उलट, जे सांगायचे ते कुजबुजत सांगितले जाते. चॉकलेटच्या पाठीवर बारीक अक्षरांत ३२२ हा आकडा असतो. तो लेसिथिनचा, ते पुष्कळदा सोयाबीनच्या तेलातूनच काढतात. बिस्किटावरचा ५०० म्हणजे आपला खाण्याचा सोडा. यांत विष नाही. पण शिवारातले सोयाबीन आकड्याचा बुरखा घेऊन परतले, की ते पिकवणाऱ्यालाही ओळखू येत नाही. मग कोणी उगाच भितो, कोणी उगाच भुलतो.

कायदा स्वस्थ बसलेला नाही. २०११ च्या नियमांनी तेलावर 'डबल रिफाइंड', 'हृदयाला सुखद' असले शब्द छापण्यास मनाई केली. २०२४ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकण्यास सांगितले. पण कायदा एक शब्द बंद करतो, तोवर चतुराईला दुसरा सापडतो.

'ग्राहकाने वाचून घ्यावे,' असे म्हणतात. जरूर घ्यावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ उलगडते. साखर पहिली असेल तर पौष्टिकपणाच्या गोष्टी पुरे! पण जिला इंग्रजी अक्षर लागत नाही त्या आजीने काय करावे? नातवासाठी पुडा तर तीच घेते.

मला वाटते, सत्याची कसोटी बोलणाऱ्याच्या शब्दांत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटावे म्हणून तो बोलला, यात आहे. ही कसोटी कारखानदारापुरती ठेवून भागणार नाही. मुलीचे लग्न जुळवताना, जमीन विकताना आपणही अशीच निवडक खरी वाक्ये बोलतो. मागची बारीक अक्षरे कोणी वाचू नयेत, एवढीच आपली इच्छा असते.