बेरजेची परीक्षा

एका औषधाला दुसऱ्याची जोड दिली की गुण वाढणारच, असे आपण धरून चालतो. कर्करोगात ते दर वेळी खरे ठरत नाही. गुणांबरोबर दुष्परिणामही वाढतात, आणि आधीच खंगलेल्या शरीराला ते झेपतील का, हे अंदाजाने सांगता येत नाही. चाचणीच घ्यावी लागते.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१६ ते २०१८ या काळात अशा एका चाचणीसाठी रुग्ण घेतले गेले. डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी फुफ्फुसाचा कर्करोग बळावलेले, ईजीएफआर जनुकात बदल आढळलेले ३५० रुग्ण निवडले. काहींना जेफिटिनिबची रोजची गोळी मिळाली. बाकीच्यांना गोळीबरोबर पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिनची केमो. कोणत्या गटात कोण, हे ना डॉक्टरांनी ठरवले, ना रुग्णांनी. नुसत्या गोळीवर असलेल्या निम्म्या रुग्णांचा रोग ८ महिन्यांत पुन्हा वाढला. जोड-उपचारात हाच काळ १६ महिन्यांचा झाला. मात्र गंभीर दुष्परिणाम २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले.

नव्या औषधाच्या चाचणीत कंपनी पैसा घालते, कारण पुढे विक्री असते. जुन्या, स्वस्त झालेल्या औषधांची जोड तपासण्यात कुणाला नफा? म्हणून हा प्रश्न सार्वजनिक रुग्णालयांनीच हाती घ्यायला हवा. त्याचे उत्तर गरिबाच्याही आवाक्यात येऊ शकते.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत दुकानावर राबणाऱ्या, हाच रोग झालेल्या माणसाच्या दृष्टीने हे आकडे वेगळेच बोलतात. जोड-उपचार म्हणजे दर तीन आठवड्यांनी केमोचे सलाईन, त्याआधी रक्ततपासणी, रोजची फॉलिक ॲसिडची गोळी, अधूनमधून बी-१२चे इंजेक्शन. त्या दिवसांचा बुडालेला रोजगार आणि सोबत येणाऱ्याची रजा वेगळीच. वाढलेल्या महिन्यांतले किती महिने तो धडपणे जगेल, हेही त्याला समजावून सांगायला हवे. निवड त्याची आहे. डॉक्टरांनी त्याला फायद्याचे आणि दुष्परिणामांचे असे दोन्ही आकडे द्यावेत.

त्या ३५० जणांनी स्वतःच्या आजारपणात पुढच्या रुग्णांसाठी पुरावा उभा केला. त्यांचे ऋण फेडायचे तर चाचण्या महानगरांपुरत्या राहता कामा नयेत. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यांतल्या रुग्णालयांनाही त्यांत सामील करून घेतले पाहिजे. इथल्या माणसाला काय झेपते, हे त्याच्यावर उपचार होतात तिथेच तपासायला हवे.