निरुपयोगी जीवाचे आपण काही देणे लागतो काय?

टोळाचे नाव काढिताच शेतकऱ्याच्या छातीत धडकी भरते, आणि ते स्वाभाविकच आहे. उभे पीक फस्त झालेले ज्याने पाहिले, त्यास टोळावर दया करावयास सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. परंतु टोळांच्या कुळात असाही एक जीव आहे की ज्याच्या धाडी कोणाच्या शेतावर पडत नाहीत, आणि तरीही तो पृथ्वीवरून नाहीसा होऊ पाहत आहे. त्याविषयी आज आम्ही चार शब्द लिहितो.

फ्रान्स देशाच्या दक्षिणेस क्रो नावाचे गोट्यांचे माळरान आहे. रोमी लोकांच्या काळापासून तेथे मेंढ्या चरतात. आमचा हा टोळ त्याच माळावर आढळतो, जगात दुसरीकडे कोठेही नाही. त्याचा रंग गोट्यांसारखा करडा, पंख आखूड; त्यास उडता येत नाही. सोळाव्या शतकात आदाम द क्रापोन ह्याने द्युरांस नदीचे पाणी कालव्याने तिकडे आणिले, आणि गोट्यांच्या जागी हिरवी कुरणे झाली. पुढे फळबागा आल्या, कारखाने आले, रस्ते आले. माळाचे तुकडे पडले. न उडणाऱ्या जीवास एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाता येईना. आता त्याची मोजकीच ठाणी उरली आहेत.

मग कालवा खणणे हे पाप होते काय? आम्ही तसे म्हणत नाही. भुकेल्यास भाकर पाहिजे, आणि भाकरीस पाणी पाहिजे. परंतु गरजेपुरते घेणे निराळे आणि शेवटचा तुकडाही न सोडणे निराळे.

कोणी विचारील, "हा किडा नष्ट झाला तर आमचे काय बिघडते?" प्रामाणिकपणे सांगावयाचे तर कदाचित काहीच बिघडणार नाही. परंतु उपयोग संपला की कर्तव्यही संपले, असे एकदा मानिले, तर घरातील थकलेल्या म्हाताऱ्याचे काय? किडा आणि मनुष्य सारखे नव्हेत, हे खरे; पण तो नियम ज्याच्या मनात रुजला, तो किड्यापाशी थांबेल ह्याची हमी कोण देतो? शिवाय जे आम्ही घडविले नाही आणि एकदा गेल्यावर पुन्हा घडवू शकत नाही, ते मोडण्यापूर्वी हात थांबविणे हा साधा विवेक आहे.

तेथील लोकांनी हात थांबविला आहे. २००१ साली सुमारे ७,४०० हेक्टर माळ राखीव झाला. २०१५ पासून ह्या टोळांची पिंजऱ्यात पैदास करण्याचे प्रयत्न सुरू झाले. मेंढ्यांस मात्र हाकलून दिले नाही. मेंढ्या नसल्या तर गवत माजून माळाचे रूपच पालटते. फार झाल्या तर टोळास आसरा उरत नाही. म्हणून तेथे मेंढपाळाची काठी हेच रक्षणाचे साधन आहे. ती मापाने चालली पाहिजे, इतकेच.

वाचकहो, आमच्याकडेही माळास आपण 'पडीक' म्हणतो. तो शब्द उच्चारण्यापूर्वी, तेथे कोण राहतो हे एकदा वाकून पाहावे.