निब घासायची का?

पेन दुरुस्त करणाऱ्याने आधी विचारलं, "वापरायचंय की नुसतं ठेवायचंय?" मी म्हटलं, वापरायचंय. मग त्याने भिंग लावून निब पाहिली. "टोक तिरकं झिजलंय. दोन मिनिटांत घासून सरळ करून देतो." मी घाईघाईने म्हटलं, थांबा.

पेन आजोबांचं. एबोनाइटचं, बाजूला लिव्हर असलेलं. लिव्हर उचलली की आतली पट्टी रबराची पिशवी दाबते. सोडली की पिशवी फुगते आणि शाई ओढून घेते. वर्षानुवर्षं पडून राहिलं की ते रबर कडक होतं, मग त्याचा चुरा होतो. माझ्या पेनातून तो काळ्या मिठासारखा पडला. नवी पिशवी लाखेने चिकटवतात. त्यात पेच काही नाही, पिशवी बदलण्यासाठीच असते. काळं एबोनाइट उजेडाने तपकिरी पडलं होतं, ते पॉलिश करून पुन्हा काळं करता येतं. मी करू दिलं नाही. गावोगावच्या दगडी देवळांना जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट फासलेला पाहून मला जे होतं, तेच झालं.

निबचं तसं नाही. सोन्याच्या निबच्या टोकाला अतिशय कठीण धातूचा बारीक मणी असतो. तोही झिजतो, पण खूप लिहिल्यावर, आणि लिहिणाऱ्याच्या हाताच्या कोनात. आजोबा तालुक्याच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे दस्त लिहायचे. शाळेत मोडी शिकलेली शेवटची पिढी. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं तिला टांगत जायचं. पुढे शाळांतून मोडी गेली, दस्त बालबोधीत आले, आजोबांच्या हाताची धाव मात्र तीच राहिली. पेन जरासं डावीकडे वळवून धरलं तरच ही निब चालते. ते मनगट कसं टेकवत होते, हे त्यांच्या एकाही फोटोत नाही, पेनात आहे. ते दोन मिनिटांत पुसायचं?

महिनाभर मी त्यांच्या कोनात लिहिलं. मोडीचा सराव सुरू केला, हात हळूहळू वळला. खूश होऊन व्हिडिओ आत्याआजीला पाठवला. आत्याआजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, वय ८३. लगेच फोन आला.

"हेच का ते पेन? १९७१ साली माझं हक्कसोडपत्र दादाने ह्यानेच लिहिलं. सहीपुरतं माझ्या हातात दिलं. तेव्हाही खरखरलं होतं." थोडं थांबून म्हणाली, "घासून टाक की."

हक्कसोडपत्र म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावासाठी सोडल्याचा कागद. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा दिला. घराघरांनी तो साडीचोळीवर परत घेतला. आजोबांनी असे कागद कितीतरी बहिणींचे लिहिले असणार. वळणदार अक्षरात.

निब घासल्याने तो कागद रद्द होणार नव्हता, हे मला कळत होतं. पण मी ज्याला आजोबांच्या हाताची खूण म्हणत होतो, ती त्या कागदांवरही घासूनच पडली होती. मी मनगट जपलं होतं, मजकूर वगळून.

शिवाय जशीच्या तशी ठेवणं हे तसं खोटंच. रोज लिहिणारा माझा हातही ती निब झिजवतोच आहे. दुरुस्तीवाला दोन मिनिटांत करेल ते मी तीस वर्षांत करीन, इतकंच. आणि तेवढ्या काळात माझाही हात वाकेल. हा सौदा मला आवडला होता. पण तो माझ्यात आणि आजोबांच्यात. आत्याआजी त्यात फक्त सहीपुरती, पुन्हा एकदा.

दिवाळीत पेन तिला देऊन आलो. जमीन माझ्या हातात नाही, ती वडील आणि काकांच्या नावावर आहे. तो विषय घरात काढल्यावर काय झालं, हा वेगळाच लेख होईल.

ती त्या पेनाने वाण्याची यादी लिहिते. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा घासायचा बारीक कागद सोबत नेला होता. तिने पेन दिलं नाही. "असू दे. लिहून लिहून येईल माझ्या हाताला," म्हणाली, आणि यादीत अर्धा किलो साबुदाणा घातला.