मुक्या जीवाचें दुखणें

माणूस आजारी पडला म्हणजे निदान आपलें दुखणें सांगतो. कोठें दुखतें, केव्हांपासून दुखतें, औषध हवें कीं नको, हें सर्व त्याच्या तोंडून ऐकतां येतें. तान्ह्या मुलाला बोलतां येत नाहीं, पण तें उद्यां बोलूं लागेल अशी आशा असते. पाळलेल्या जनावरापाशीं यांतलें कांहींच नसतें. त्याचें दुखणें आपणच ओळखावयाचें, उपाय आपणच ठरवावयाचे आणि प्रसंग आलाच तर ते थांबवावयाचेहि आपणच. हा अधिकार वापरतांना मनुष्य स्वतःशीं कितपत प्रामाणिक राहूं शकतो, हा प्रश्न गेल्या पावसाळ्यांत आमच्यापुढें उभा राहिला. प्रसंग लहान व घरगुती आहे. परंतु नीतीचे बहुतेक प्रश्न घरांतच उपस्थित होतात, म्हणून तो वाचकांपुढें मांडण्यास संकोच वाटत नाहीं.

आमचें बिऱ्हाड थेरगांवास, पवना नदीपासून फार दूर नाहीं. जेथें पूर्वीं शेतें होतीं तेथें आतां इमारतींची दाटी झाली आहे. तींत आमच्या घरामागें अर्ध्या गुंठ्याची बाग टिकून आहे, याचा आम्हां सर्वांस मोठा अभिमान. मोती नांवाचा आमचा कुत्रा, जात गांवठी, वय नऊ वर्षें, याच बागेंत वाढला. श्रावणांतल्या एका सकाळीं त्यानें भाकरीला तोंड लावलें नाहीं. दुपारीं तो दोन-तीन वेळां ओकला. तिसऱ्या दिवशीं त्याच्या हिरड्या पिवळ्या दिसूं लागल्या. जनावरांच्या डॉक्टरांनीं रक्त तपासलें, यकृताला मोठी इजा झाल्याचें सांगितलें आणि विचारलें, “बागेंत काय काय लावलें आहे?” प्रश्न साधा होता, परंतु निम्म्या झाडांचीं नांवेंहि आम्हांला सांगतां आलीं नाहींत.

त्या संध्याकाळीं विजेरी घेऊन आम्ही स्वतःच्याच बागेची झडती घेतली. पूजेच्या फुलांसाठीं लावलेली तांबडी कण्हेर आणि तिच्या शेजारची पिवळी कण्हेर, जिच्या बिट्ट्यांशीं आम्ही लहानपणीं खेळलों. दोहींचें विष हृदयाच्या गतीवर आघात करतें. गुलाबांच्या मुळाशीं एरंडीची पेंड. तिच्या वासानें कुत्रीं माती उकरून ती खातात, आणि तिच्यांतलें विष पुरतें मारलेलें नसलें तर रक्ताची हगवण लागते. कुंपणालगत उंदरांच्या औषधाच्या वड्या. त्यांतल्या एका जातीनें रक्त गोठेनासें होतें आणि तें कळावयास दोन-चार दिवस जातात. आणि या सर्वांच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही कौतुकानें दाखवीत असूं तें सायकसाचें झाड. दिसावयास ताडासारखें, पण तें ताड नव्हे. त्याच्या शेंदरी बियांचा घोस त्या वर्षीं प्रथमच आला होता. त्यांतल्या दोन बिया खालीं चिखलांत पडल्या होत्या. एक कुरतडलेली होती.

या बियांतलें विष यकृतावर जातें आणि एक-दोन बियाहि कुत्र्याला मारावयास पुरतात, हें आम्हांस दुसऱ्या दिवशीं कळलें. तरीहि निश्चित असें कोणीच सांगूं शकलें नाहीं. पावसाळ्यांत गोचीड फार. गोचिडांमुळें होणाऱ्या एका तापांतहि कावीळ होते. रक्तांत त्या तापाचे जंतु दिसले नाहींत; पण दिसले नाहींत म्हणून नव्हतेच असें होत नाहीं, असें डॉक्टरांचें म्हणणें.

हें सायकस मूळचें जपानच्या दक्षिणेकडील बेटांवरचें. तेथले लोक दुष्काळांत याचें पीठ खात. पण पुष्कळदां धुवून, आंबवून, विष काढून टाकल्यानंतर. पिढ्यान्‌पिढ्यांनीं किंमत देऊन तें शहाणपण मिळविलें होतें. आमच्याकडे झाड आलें, तें शहाणपण आलें नाहीं. कण्हेरीला गुरें तोंड लावीत नाहींत हें आमच्या आजीला ठाऊक होतें. सायकसाविषयीं तिला कांहींच ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, आणि आम्हीं तें विकत घेतांना उंचीखेरीज कांहीं विचारलें नाहीं. अजाणतेपणीं घडलेल्या गोष्टीला पाप म्हणावें कीं नाहीं, यावर शास्त्रकारांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आम्हांस एवढेंच वाटतें कीं, ज्याला कुंपणाबाहेर जाण्याची मोकळीक आपण ठेविली नाहीं, त्याच्यासाठीं कुंपणाच्या आंत काय आहे हें जाणणें आपल्यावरच येतें.

परंतु खरी परीक्षा पुढें होती. चार दिवस सकाळ-संध्याकाळ मोतीला दवाखान्यांत नेऊन सलाईन लावीत होतों. सुई टोचतांना तो कण्हत नसे. फक्त आमच्याकडे पाहत असे. चवथ्या रात्रीं धाकटी बहीण म्हणाली, “दादा, आतां पुरे कर. सोडव त्याला.” आम्ही संतापलों. युधिष्ठिरानें स्वर्गाच्या दाराशीं आलेला रथ नाकारला, पण बरोबर आलेल्या कुत्र्याला टाकलें नाहीं, हें महाप्रस्थानिकपर्व आम्हीं तिला ऐकविलें. ती शांतपणें म्हणाली, “त्याचा कुत्रा चालत होता रे. आणि हें सगळें मोतीसाठीं चाललें आहे, कीं तुझ्यासाठीं?”

त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. तिचें बोलणें खरें होतें. युधिष्ठिरापुढें प्रश्न होता तो साथ सोडण्याचा. आमच्यापुढचा प्रश्न, साथ न सोडतां काय करावें हा होता. १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं असाध्य दुखण्यानें तळमळत असतां गांधींनीं, आश्रमांतल्या मंडळींशीं विचारविनिमय करून, डॉक्टरांकडून टोचणी देववून त्याच्या यातना संपविल्या. अहिंसेच्या उपासकानें हें केलें म्हणून मोठें काहूर उठलें. गांधींनीं आपल्या पत्रांतून त्याचें उघड समर्थन केलें. त्या वादांतून आम्हीं घेतलें तें इतकेंच कीं, प्राण घेणें व प्राण राखणें या दोन्ही कृत्यांची योग्यता त्यांमागील हेतूच्या शुद्धतेवर पुष्कळ अंशीं अवलंबून असते. “सोडवा” म्हणणाऱ्याच्या मनांत कधीं कधीं जागरणाचा कंटाळा व खर्चाची चिंता दडलेली असते. ही अशुद्धि सर्वांना दिसते. “शेवटपर्यंत झटूं” म्हणणाऱ्याच्या मनांतली अशुद्धि मात्र दिसत नाहीं, कारण ती भूतदयेचा वेष घेऊन येते. झाड आम्हीं लावलें होतें. मोती जगला तर आमचा अपराध धुतला जाणार होता. म्हणजे आमच्या प्रायश्चित्ताच्या सुया त्याच्या अंगांत टोंचल्या जात होत्या.

तेव्हां आम्हीं स्वतःला तीन प्रश्न घातले. तो बरा होण्याची वाजवी आशा डॉक्टरांना आहे काय? त्याच्या नित्याच्या सुखांपैकीं, पावलांची चाहूल, उन्हाचा तुकडा, परिचित हात, एखादें तरी त्याला अजून सुख वाटतें काय? आणि तिसरा प्रश्न, जो सर्वांत अवघड गेला: हें विष आमच्या बागेतलें नसतें, तर आम्ही हाच निर्णय केला असता काय? पहाटे डॉक्टरांना दूरध्वनि करून पहिला प्रश्न विचारला. आणखी दोन दिवस पाहूं, पण त्यापुढें नको, असें ते म्हणाले. दुसऱ्याचें उत्तर मोतीनें शेपटीचें टोंक हलवून दिलें. तिसऱ्याचें उत्तर “होय” असें आलें. तें कितपत खरें होतें, हें आम्हांस अद्याप ठाऊक नाहीं.

सहाव्या दिवशीं त्यानें थोडी पेज चाटली. आतां तो हिंडतो-फिरतो; यकृत पूर्ववत् होईलच असें नाहीं. सायकस आम्हीं मुळासकट काढलें. कण्हेर आईनें काढूं दिली नाहीं. तिच्याभोंवतीं जाळी बसविली आणि पेंड कुलपांत गेली. ज्यांच्या घरीं जनावर आहे त्यांनीं बागेंतल्या प्रत्येक झाडाचें नांव जाणून असावें, आणि संशय येतांच मिठाचें पाणी पाजण्यासारखे घरगुती उपाय न करतां, खाल्लेलें पान वा बी घेऊन लगेच डॉक्टर गांठावा. मिठाच्या पाण्यानें अपायच होतो, आणि विषबाधेंत पहिले कांहीं तासच मोलाचे असतात.

पुढच्या महिन्यांत मोतीचें रक्त पुन्हां तपासावयाचें आहे. निकाल वाईट आला तर तेच तीन प्रश्न पुन्हां पुढें येतील. झाड गेल्यामुळें तिसरा प्रश्न सोपा होईल असें प्रथम वाटलें होतें. तसें झालेलें नाहीं.