सूर्याच्या ज्वाळा आणि मोसंबीची कलमें



जालना जिल्ह्यांतील एका खेड्यांत उपासना आटोपल्यावर एका शेतकरी बंधूंनीं आम्हांस विचारलें, "सूर्यासारखे तारे अकस्मात् भडकतात, असें छापून आलें आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रांत आकाश जळून जाण्याविषयीं लिहिलें आहे, तें हेंच काय? मग यंदा मोसंबीचीं कलमें लावावीं कीं नाहीं?" प्रश्न भोळा नव्हे. कलम लावणारास फळासाठीं कित्येक वर्षें थांबावें लागतें.

सूर्यावर काळे डाग दिसतात तेथें चुंबकशक्तीला पीळ बसतो, व तो एकाएकीं सुटला म्हणजे ज्वाळा उसळते. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत कॅरिंग्टन यांनीं अशी ज्वाळा पाहिली. दुसऱ्याच दिवशीं मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंतील चुंबक असे हेलावले कीं, ती नोंद अद्याप जगभर अभ्यासिली जाते. युरोप-अमेरिकेंत तारायंत्रें बिघडलीं. पीक मात्र त्या ज्वाळेनें कोठेंही करपलें नाहीं.

याहून कितीतरी मोठ्या ज्वाळांचा हिशेब डिसेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. केप्लर दुर्बिणीनें पाहिलेल्या सूर्यासारख्या ५६,४५० ताऱ्यांपैकीं २,५२७ ताऱ्यांवर २,८८९ महाज्वाळा आढळल्या. म्हणजे एका ताऱ्यावर सुमारें १०० वर्षांत एक. आपल्या सूर्यावर १८५९ पासून आजवर एवढी मोठी ज्वाळा दिसलेली नाहीं. उद्यां उसळलीच तर कृत्रिम उपग्रह व विजेच्या तारा यांस धोका आहे. विहिरीवरची मोटर कदाचित् बंद पडेल. झाडाला हवेचें व पृथ्वीच्या चुंबकत्वाचें पांघरूण आहे, आणि तें पांघरूण कोणीं घातलें हें मंडळीला सांगावयास नको.

अशा बातमीस शास्त्रवचन चिकटवून तारखा सांगत फिरणारे कित्येक आहेत. हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. त्या दिवसाची घटका देवदूतांसही कळविलेली नाहीं, असें प्रभूनें स्वतः शिष्यांस सांगितलें. ती दुर्बिणींतून काढूं पाहणें हा उद्धटपणा होय. उलट जलप्रलयानंतर देवानें नोहास पेरणी-कापणीचेंच अभिवचन दिलें. रेव्हरंड नारायण शेषाद्रि हेही प्रभूच्या येण्याची वाट पाहणारे होते, तरी त्यांनीं याच जालन्याजवळ बेथेल गांव वसविलें.

आम्ही त्या बंधूंस म्हणालों, "खड्डे खणून ठेवा." ते म्हणाले, "खणलेले आहेत. पाऊस पडूं द्या."